मी बिघडवलेल्या बिड्या

मला छातीचा कॅन्सर झाला होता. उपचार संपून आता दीड वर्ष झालं. केस परत आले ते पहिल्यापेक्षा दाट आणि थोडे कुरळे, त्यामुळे दवाखान्यातल्या नर्सबाई मला पार्लरचं नाव विचारतात. तुझ्या आजारावर लिही, दुसऱ्या बायकांना धीर येईल, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. धीर देण्यासारखं माझ्याजवळ थोडंफार आहे, ते सांगतेच. पण या आजारपणात गाठीनं मला छळलं नसेल एवढं एका गोष्टीनं छळलं, आणि ती गाळून लिहिलं तर ते लिहिणं खोटं होईल. ती गोष्ट बिड्यांची आहे.

सुपातल्या बिड्या

आमचं गाव आंधळगावपासून सायकलनं अर्ध्या तासावर. घरी माय बिड्या बांधायची आणि आठव्या वर्षापासून मीही तिच्याजवळ बसून बांधायची. तेंदूची पानं भिजवायची, मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून गुंडाळायची, दोरा बांधायचा आणि सळईच्या टोकानं तोंड मुडपायचं. मांडीवर सूप आणि सुपात हा सगळा पसारा. माझा हात चांगला होता. शेजारच्या बायकांना माय माझ्या बिड्या दाखवायची.

संध्याकाळी त्या ठेकेदाराकडे नेऊन द्यायच्या. तिथं चेकर एकेक कट्टा, म्हणजे बिड्यांचं बंडल, हातात घेऊन बघायचा आणि ढिली, वाकडी, फाटक्या पानाची बिडी बाजूला काढायचा. त्याला आम्ही छाट म्हणायचो. छाटाची मजुरी मिळत नसे. काही बिड्या चेकर मोडून टाकायचा, बाकीच्या तशाच आमच्या सुपात परत यायच्या.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. बाबा गेल्यावर त्यानं सातवीतून शाळा सोडली आणि आंधळगावच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला लागला. मला तिथल्या हायस्कुलात घातलं ते त्यानं, आणि रोज सायकलच्या कॅरियरवर बसवून नेलं तेही त्यानंच. मुलीला एवढं शिकवून काय करायचं असं मायला वाटे. दादानं एकदाच सांगितलं की बाई शिकणार, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. तो मला बाईच म्हणतो, अजूनही.

मी बारा वर्षांची होते. थंडीचे दिवस होते. शाळेच्या फाटकाशी दादा हात चोळत उभा होता, अंगात नुसता सदरा. मी दप्तरातून छाटातली एक बिडी काढून त्याच्या हातात दिली. ती मी घरून मुद्दाम आणली होती. मोठी माणसं थंडीत बिडी ओढतात, मग माझ्या दादानंच कुडकुडत का उभं राहायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तोवर त्यानं बिडी ओढलेली नव्हती. त्या दिवशी तो खूप खोकला आणि आम्ही दोघंही हसलो.

मग ते रोजचंच झालं. तो मला शाळेत सोडणार आणि मी त्याला चार-पाच बिड्या देणार. पंचाईत अशी की माझ्या बिड्यांत छाट फारसा निघत नसे. मग मी मुद्दाम बिघडवायला लागले. दोऱ्याचा एक फेरा कमी घ्यायचा, तोंड अर्धवट मुडपायचं. चेकरच्या नजरेला कोणती बिडी खटकेल हे मला चेकरपेक्षा जास्त कळायचं. माय बोलणी खायची, पोरीचं लक्ष नाही म्हणून मलाही चार शब्द ऐकवायची. मी मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची. दहावी होईपर्यंत हे चाललं. त्यानंतर दादाच्या खिशात त्याचा स्वतःचा कट्टा असायचा.

खोकल्याच्या औषधाची बाटली

मी शिकले आणि साकोलीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन झाले. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या खात्यातले बरेच जण तिकडे गेले, मी साकोलीतच राहिले. रक्त, लघवी, थुंकी तपासण्यात आयुष्य गेलं. लोकांच्या हातात रिपोर्ट ठेवताना चेहरा कोरा ठेवायचा, हे या नोकरीत आपोआप शिकायला मिळतं.

चार वर्षांपूर्वी दादा दोन बस बदलून साकोलीला आला, माझ्या लॅबच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला आणि नंबर आल्यावर खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली पुढे केली. "पाहाय जरा. लाल येऊन राहिली," तो म्हणाला. "दुखत-गिखत काई नाई."

आमच्याकडे लघवीत रक्त दिसलं की माणसं मुतखडा म्हणतात आणि काढा पितात. पण मुतखडा माणसाला लोळवतो. दादाला काही दुखत नव्हतं, आणि तेच मला आवडलं नाही. स्लाइड लावली तर लाल पेशींनी भरलेली. दुसऱ्याच दिवशी मी त्याला घेऊन नागपूरला गेले. आठवड्याभरात कळलं, मूत्राशयाचा कॅन्सर.

डॉक्टरांनी विचारलं, बिडी किती वर्षांपासून? दादानं सांगितलं, पोरसवदा होतो तेव्हापासून. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि फरशीकडे बघत होते. डॉक्टरांनी त्याला समजेल असं सांगितलं. धुरातलं विष रक्तात जातं, मूत्रपिंड ते गाळून लघवीत टाकतं, आणि लघवी जिथं साठून राहते तिथं ते विषही थांबून राहतं. वर्षानुवर्षं थांबलं की तिथल्या पेशींच्या आतली जनुकं एकेक करून बदलतात आणि मग पेशी कुणाचं ऐकत नाहीत. लघवी मी रोज तपासत होते. ती माणसाच्या पोटात किती वेळ थांबते याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

दुर्बीण घालून गाठ काढली. मग दर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, आणि मधून मधून मूत्राशयात औषध सोडणं. साऱ्या नागपूरनं माझी लघवी पाहिली असं दादा सगळ्यांना सांगत सुटला. बिडी त्यानं त्याच आठवड्यात सोडली. मी मात्र त्याला काहीच सांगितलं नाही. आता सांगून काय होणार, अशी मनाची समजूत घालून टाकली.

एप्रनच्या खिशातलं पेन

दोन वर्षं गेली. एक दिवस नमुने ठेवायला टेबलावर वाकले तर एप्रनच्या खिशातलं पेन छातीला टोचलं. पेन काढलं तरी तिथं काहीतरी कडक हाताला लागतच होतं. मी हात धुतले, राहिलेले नमुने तपासले, रजिस्टर भरलं आणि मगच डॉक्टरीण बाईंकडे गेले. हे मी शहाणपणाचं म्हणून सांगत नाही. मी घाबरले होते आणि हाताला काम हवं होतं.

तपासणीचा रिपोर्ट घ्यायला मी नागपूरला एकटीच गेले. त्यातले शब्द मला येत होते, हाच तोटा. दवाखान्याच्या सायकल स्टँडजवळ उभं राहून मी तो वाचला. मग समोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे मागवले आणि सगळे खाल्ले. त्या वेळी मनात पहिलं काय आलं ते लिहिते. मला वाटलं, बरं झालं. दादाला झाला, आता मलाही झाला, हिशेब मिटला. नवरा आणि मुलगी त्यानंतर आठवली. प्रज्ञा तेव्हा नागपुरातच बी.फार्म.ला होती, दवाखान्यापासून ऑटोनं वीस मिनिटांवर. तिला मी साकोलीला परत पोचल्यावर फोन केला.

रक्तातच आहे

ऑपरेशन झालं, मग केमो. ज्यांना यातून जायचं आहे त्यांना एवढंच सांगते: औषध चढवून घरी आल्यानंतरचा तिसरा दिवस वाईट असतो आणि सहावा बरा असतो. तोंडाला चव राहत नाही, फोडणीचा वास सहन होत नाही. रडू आलं तर रडावं. माझा नवरा मी झोपले असं समजून मोरीत जाऊन रडायचा आणि बाहेर येऊन डोळ्यात साबण गेला म्हणायचा. सहा महिन्यांत त्याच्या डोळ्यात फार साबण गेला.

माझी केमो आणि दादाची दुर्बीण कधी कधी एकाच दिवशी यायची. तो भंडारा स्टँडवर माझ्या बसची वाट बघत उभा असायचा, हातात डबा. डब्यात तांदळाची पेज, मीठ बेताचं, दुसरं काही नाही. पेज तेवढी माझ्या पोटात राहायची. वहिनीला पहाटे उठावं लागायचं, पण तिनं कधी बोलून दाखवलं नाही. औषध थेंब थेंब चढत असायचं आणि दादा पलंगाच्या कडेला बसून मला भरवायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी दोन घासांनंतर तोंड फिरवायची, आणि सिस्टरला वाटायचं की मळमळतंय.

अशाच एका दिवशी दादा म्हणाला, "तुनं त कधी बिडी तोंडाले नाई लावली बाई. तरी तुले झालाच ना. मंग बिडीले काहून बोल लावतेत लोकं? आपल्या रक्तातच हाये ते."

नातेवाईकही हेच म्हणत होते. एका घरात दोघांना झाला म्हणजे रक्तातच असणार. दादाला त्या बोलण्यानं बरं वाटत होतं, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. मला त्याच्यापेक्षा जास्त बरं वाटत होतं. रक्तातच असेल तर त्या चार-पाच बिड्यांचा संबंधच उरत नव्हता.

मी काय मागितलं

नागपूरला माझे उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी जनुकांची तपासणी सुचवली. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. कॅन्सर म्हणजे पेशींच्या जनुकांतला बिघाडच, पण बहुतेक वेळा तो जगता जगता होतो, ज्या अवयवात होतो तिथंच राहतो आणि पोरांना जात नाही. थोड्या घरांत मात्र एक बदल जन्मापासून असतो, आईकडून किंवा बापाकडून आलेला. तो माझ्यात सापडला तर प्रज्ञात असण्याची शक्यता निम्मी. मग तिला लवकर तपासण्या सुरू कराव्या लागतील, पुढे कदाचित मोठे निर्णयही घ्यावे लागतील.

माझं रक्त घेतलं. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते. प्रज्ञा फोनवर हसतखेळत बोलायची, पण तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं की ती जेवत नाही. माझ्या नवऱ्यानं तर तपासणीचं नाव काढणंच सोडलं होतं.

आमच्या वस्तीतल्या विहारात मी त्या दिवसांत रोज संध्याकाळी जाऊन बसायची. टकलावर पदर घेऊन कोपऱ्यात बसायची. बुद्धाजवळ काही मागायचं नसतं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. तरी मी मागितलं. वंदना म्हणून झाली, डोळे मिटले, आणि मनात स्पष्ट शब्दांत म्हटलं, तो बदल माझ्या रक्तात सापडू दे.

मी काय मागते आहे हे मला कळत होतं. मी जनुकं शिकलेली बाई आहे. माझ्यात सापडला तर तो माझ्या पोरीच्या अंगात असू शकतो, तिच्याही छातीत कधी तरी गाठ येऊ शकते, हे कळत असून मी ते मागितलं. एकदा नाही, तीन आठवडे मागितलं. माझ्या हातून दादाचं काही झालं नाही असं ठरावं, म्हणून माझ्या पोरीला धोका चालेल, इथपर्यंत मी गेले होते. केमोनं माणूस चिडचिडा होतो, विसरभोळा होतो. हे केमोचं नव्हतं.

रिपोर्ट आला. जन्मजात बदल सापडला नाही. मॅडमनी सांगितलं की तपासता येतात ती जनुकं तपासली आहेत, त्यांत काही नाही. प्रज्ञानं वयानुसार तपासण्या कराव्यात, भीती बाळगण्याचं कारण नाही. प्रज्ञा तिथंच, मॅडमच्या समोर, माझ्या गळ्यात पडली. "मम्मी, वाचलो ना आपण," म्हणाली. मी रडायला लागले. सगळ्यांना वाटलं आनंदानं.

प्रज्ञा औषधं आणायला गेली तेव्हा मी मॅडमना विचारलं, मग माझ्या भावाचं काय? आम्हा दोघांना एकाच कारणानं झाला असेल ना? त्या म्हणाल्या, एका घरात दोघांना झाला म्हणून कारण एकच असावं असं नाही. तुमचं नेमकं कारण मला सांगता येणार नाही. मूत्राशयाचं म्हणाल तर एवढी वर्षं बिडी ओढल्यावर मी दुसरीकडे शोधायला जाणार नाही. त्या हे अगदी साधेपणानं म्हणाल्या. त्यांना माझ्याबद्दल काय ठाऊक असणार.

अंगणात

पुढच्या रविवारी मी गावी गेले. वहिनी शेतावर होती. दादा अंगणात बसून लाखोळीच्या डाळीतले खडे निवडत होता, मांडीवर सूप. मला पाणी द्यायला उठू लागला तर मी त्याला बसवलं आणि रिपोर्टचं सांगितलं. रक्तात काही नाही.

त्यानं लगेच विचारलं, "मंग माह्या पोरायलेबी नाई ना?"

मी म्हटलं, घराण्यातून येणारं काही सापडलं नाही, तर त्यांना त्याची भीती नको. त्यानं सुपातली डाळ एकदा हलवली. "म्हंजे बिडीच," तो म्हणाला. "बरं झालं बाई. पोरं सुटली."

मी तीन आठवडे ज्याला धरून बसले होते, ते त्यानं एका वाक्यात सोडून दिलं. त्याच्यासाठी तर तो मोठा आधार होता. मला तिथं बसवेना, पण उठून तरी कुठं जाणार. मग मी सगळं सांगितलं. फाटकाशी दिलेली पहिली बिडी त्याला आठवत होती. दोऱ्याचा कमी घेतलेला फेरा आणि अर्धवट मुडपलेलं तोंड हे त्याला माहीत नव्हतं.

दादाचे हात थांबले. "मुद्दाम करत होती?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

थोड्या वेळानं तो हसायला लागला. मी नववीत असताना त्यानं चेकरची कॉलर धरली होती, माझ्या बहिणीच्या बिड्या काहून फेकतोस म्हणून. त्यापायी ठेकेदारानं महिनाभर मायला पानं दिली नाहीत. बिड्या ढिल्या आहेत म्हणणारा तो चेकर बिचारा खरं बोलत होता हे दादाला आज, चाळीस वर्षांनी कळत होतं. हसता हसता त्याला खोकला आला, मी पाणी आणून दिलं.

"बांधली तुनं, पन वढली त मीनं ना," पाणी पिऊन तो म्हणाला. "लगन झाल्यावर, पोरं झाल्यावर, तू काय माह्या तोंडात कोंबाले येत होती?"

इथं थांबले असते तर मी हलकी होऊन घरी गेले असते. पण बोलायला लागल्यावर मला थांबता आलं नाही. विहारातलंही सांगून टाकलं. काय मागितलं, कशासाठी मागितलं आणि किती दिवस मागितलं.

आता तो हसला नाही. बराच वेळ खडे निवडत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे चुकलं तुहं. बिडीचं काई नाई, तवा तू लेकरू होती. हे मोठेपनी केलं." आणि थोड्या वेळानं, "मले काहून सांगतेस? पोरीले सांग."

त्यानं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. स्टँडवर सोडायला आला, बस सुटेपर्यंत उभा राहिला. पण तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि सांगितलं का असंही अजून विचारलेलं नाही.

शेवटचं पान

प्रज्ञाला समोर बसवून सांगायचं मी सहा-सात वेळा ठरवलं आणि दरवेळी भाजी निवडायला घेतली. शेवटी हे लिहायला बसले. माझं अक्षर दवाखान्यातलं, मलाच लागत नाही. प्रज्ञा दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, दे, मी टाइप करून देते. अंगणापर्यंतचं लिहून झालेली वही मी तिच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेले; हे पान त्यानंतरचं.

बाहेर लॅपटॉपचा खडखड आवाज चालू होता. बिड्यांचं झालं असेल, बाटलीचं झालं असेल. मी तांदूळ निवडून धुतले, आधण ठेवलं. मग आवाज थांबला. आधणाला उकळी आली तरी मी तांदूळ टाकले नव्हते. नवऱ्यानं बाहेरून विचारलं की काही उतू जातंय का, मी नाही म्हटलं.

बऱ्याच वेळानं प्रज्ञा दारात येऊन उभी राहिली. वही तिच्या हातात उघडीच होती, बोट एका ओळीवर. डोळे लाल होते. ती माझ्याजवळ आली नाही.

"मम्मी, इथं 'तो बदल माझ्या रक्तात सापडू दे' असं लिहिलं आहेस," ती म्हणाली. "असंच ठेवू?"

मी म्हटलं, असंच ठेव. ती परत जाऊन बसली. थोड्या वेळानं टाइप करण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा हळू. मी तांदूळ आधणात टाकले.